सहकुटुंब पाहण्यासारखे

बुध. ५ ऑगस्ट ८७, पांढुर्णा

बस स्टँडसमोर राजूसेठच्या कॅसेटच्या दुकानात व्हिडिओ गेमचा डब्बा आलाय. शाळा सुटल्यावर तशीच गेले, खांद्यावर पिशवी, हाताला खडू. आत कॉलेजातली पोरं आणि काही रिकामटेकडे. मी शिरले तशी चिडीचूप. राजूसेठ म्हणाला, "बाई, कोणाले शोधून राहिल्या?"

म्हटलं, कोणालाच नाही, खेळायला आले. सौसरहून धोटेकाकांनी (आमचे धो.का.) त्यांच्या साप्ताहिकासाठी परीक्षण मागितलंय. मग स्टूल पुसून मिळालं.

खेळ सोपा. वरून किड्यांच्या रांगा उतरतात, खाली आपली गाडी, बटण दाबलं की गोळी. मजा येते, खोटं कशाला लिहू. किड्यांची रांग एक घर खाली सरकली की मागची पोरं ओरडतात, "सावरगाववाले आले, मार."

मीही ओरडले. "मार सावरगावले." बोलून गेल्यावर कळलं. माझं माहेर सावरगाव. जाम नदीच्या पलीकडच्या काठावर, पुलावरून चालत गेलं तर घाम येण्याआधी पोचते मी.

हरलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात. पोरं ती एका दमात वाचतात, 'गेमवर'. गेमवर झाला म्हणजे मेला. चवन्नी टाकली की उठतो.

शनि. ८

परीक्षण लिहून झालं. धो.का.चे चार मथळे ठरलेले. देखावा, आवाज, दर, सहकुटुंब पाहण्यासारखे? नाटक असो, ऑर्केस्ट्रा असो, जत्रेतली मोटारसायकलवाली विहीर असो, ह्याच चार खणांत भरायचं. प्रेसमध्ये ह्या मथळ्यांचे शिशाचे खिळे जुळवून सुतळीने बांधूनच ठेवलेत. छापायच्या वेळी सुतळी सोडायची, छापून झालं की परत बांधायची.

चौथ्या खणात लिहिलं: 'बाईला कोणाला शोधता असं न विचारता स्टूल मिळेल, तेव्हा.'

आणि खाली एक परिच्छेद जास्तीचा. 'डब्ब्यात सावरगाव नाही. बनवणाऱ्याने ते नाव ऐकलंही नसेल. ते आपण घातलं. समोरून कोणी चालून आलं की आपल्याला दुसरं नाव सुचत नाही. मीही बटण दाबत तेच ओरडले. माझ्या भावाचा डावा डोळा गोटमारीत गेला. चवन्नी टाकून तो परत मिळाला नाही. दगड पांढुर्ण्याच्या काठावरून आला होता, आणि ह्या काठावर माझं सासर आहे.'

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "गेमचं लिहायचं होतं ना? गोटमार कुठून आली मंधात?"

"पोरांच्या तोंडून आली. माझ्याही."

हे पुन्हा पेपरात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, तीच गोटमार; हे दरवर्षी जातात, लग्नाच्या आधीपासून. दादाला लागलेला तो दगड कोणाचा, मी ह्यांना कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

रवि. ९

सौसर. धो.का. प्रेसच्या दारात चष्मा कपाळावर चढवून वाचत उभे. पहिले तीन खण वाचताना मान डोलत होती. मग थांबली.

"बाई, समीक्षा म्हंजे भाजीत मीठ बरोबर हाये का, तेवढं सांगणं. वावर कोणाचं, पाणी कुठलं, हे सांगत बसल्या त जेवण थंड होते."

"पाणी गढूळ असलं तर?"

"त तहसीलीत अर्ज द्या. करमणुकीच्या पानावर राजनीती नको. आपला अंक दोन्ही काठांवर जाते."

म्हटलं, म्हणूनच तर. दोन्ही काठांवर जाणारं दुसरं आहे काय आपल्याकडे? दगड सोडून?

हसले नाहीत. "खेळाले खेळ राहू द्या," म्हणाले, आणि कागद आत घेऊन गेले.

धो.का. वाईट माणूस नाही. मास्तरणीने नाटकाबद्दल लिहावं हे कोणाच्याच पचनी पडत नव्हतं तेव्हा त्यांनी छापलं, नावासकट. म्हणूनच जास्त राग येतो. परक्याचा एवढा येत नाही.

परतीच्या बसमध्ये उभीच. बाजूच्या बाईच्या टोपलीतली संत्र्याची कलमं सारखी टोचत होती.

शुक्र. १४

अंक आला. परिच्छेद गायब. त्याच्या जागी, माझ्या नावाखाली: 'आबालवृद्धांनी अवश्य लाभ घ्यावा.' लाभ हा शब्द मी वाण्याच्या दिवाळीच्या पूजेतसुद्धा म्हणत नाही.

आणि चौथा खण: 'सहकुटुंब पाहण्यासारखे? होय.'

होय म्हणे. माझ्या वतीने होय म्हणून टाकलं. भाजी करपली. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली. आज राग ह्यांच्यावर नव्हता हे ह्यांना कळलं नसावं.

शनि. १५

शाळेत झेंडावंदन. मुलींचं गाणं चांगलं झालं, मला एक ओळ आठवत नाही. डोक्यात दुसरंच.

तिथून सरळ वाचनालयात. बाहेरच्या फळ्यावर 'आज वाचनालय बंद' एवढंच होतं. ते पुसलं आणि अख्खा परिच्छेद लिहून काढला. वर मथळा: 'साप्ताहिकात जागा नव्हती म्हणून इथे.' खाली माझं नाव. अक्षर वळणदार आलं, रागात माझं अक्षर सुधारतं. जागा कमी पडली, शेवटची ओळ बारीक लिहावी लागली.

लोक जमले. हेडसर आले, दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक सापडली नाही म्हणून काही न बोलता गेले.

सोम. १७

काल कोणीतरी पुसलं. पुन्हा लिहिलं. आज सकाळी पुन्हा पुसलेलं, ओल्या फडक्याने. पुन्हा लिहिलं. माझ्याकडे खडूंची कमी नाही, आणि परिच्छेद आता तोंडपाठ झालाय.

राजूसेठने रस्त्यात गाठलं. "बाई, तुमच्या फळ्यानं गर्दी वाढली. पोरं अजून सावरगावच म्हणतात. पण आता आजूबाजूले पाहून म्हणतात."

म्हटलं, चला, तेवढं तरी. तो गेल्यावर बरं वाटलं. मग वाटलं, हळू म्हटलं म्हणून काय झालं?

गुरु. २०

दादा आला. पुलावरून चालत, पांढरी टोपी, हातात मक्याची कणसं. ह्यांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि कामाचं निमित्त काढून बाहेर पडले. जावयाशी दादा कधी वाकडं बोलला नाही. जास्त बोललाही नाही.

"कुसे, माया डोळा तू फळ्यावर टांगला. मले विचारलं?"

"दादा, तुझं नाव नाही लिहिलं."

"तुयं लिहिलं ना. मंग झालं."

रागाने म्हटलं, मग काय, पोरांना किडे मारू देऊ आपल्या नावाने? तो म्हणाला, "थ्या डब्ब्याचं मले नको सांगू. आमचं ते देवीचं हाये. मी काई हरून बसलो नाही. दगड लागला, घरी आलो, दुसऱ्या साली परत गेलो काठावर. तू त्याले खेळाच्या पंगतीत नेऊन बसवलं."

"मी नाही बसवलं. मी फक्त कोण शेजारी बसलंय ते पाहिलं."

"लय बोलते तू," म्हणाला. लहानपणीही हेच म्हणायचा.

त्याला सोडायला वाचनालयापर्यंत गेले. मनात धरून होते की हा आता पुसणार. माझ्याच भावाने पुसलं तर पुन्हा लिहायचं की नाही? फळ्याशी तोंड नेऊन, मान तिरपी करून त्याने सगळं वाचलं. वाचनालयातले दोघे वर्तमानपत्र खाली करून पाहात होते.

"डावा नोय, उजवा हाये बाप्पा."

मी पाहिलं. खरंच. मी नेहमी त्याच्या समोर बसते, समोरून तो डावीकडे दिसतो. इतकी वर्षं मी त्याचा डोळा माझ्याच बाजूने मोजत आले.

दादाने फळ्याच्या कडेवरचा खडू उचलला. बोटाने 'डावा' पुसलं आणि 'उजवा' लिहिलं, चौथीच्या मुलासारख्या मोठ्या अक्षरात. खडू परत ठेवला, हात धोतराला पुसले, गेला. मी रडले, रस्त्यातच.

शनि. २२

पुसलेलं नाही. दोन दिवस झाले, कोणी हात लावत नाही. दादाचं अक्षर दिसतं म्हणून असेल. ते ह्या गावातल्या कोणाच्याही ओळखीचं नाही, पण माझं नाही एवढं कोणालाही कळेल.

सोम. २४, पोळा

बैल सजून गेले, पुरणपोळी झाली. नदीवर दगडांचे ढीग कालपासूनच तयार आहेत.

ह्यांना म्हटलं, उद्या जाऊ नका. पहिल्यांदा म्हटलं. हे म्हणाले, "औंदा नाई गेलो त लोक म्हणतील, बायकोनं फळ्यावर लिहिलं म्हणून भेला."

म्हणजे मी लिहिलं म्हणून जाणार. एवढे दिवस स्वतःहून जात होते, आता माझ्यामुळे. धो.का.ना कळलं तर म्हणतील, पाहा. म्हणोत. लिहिलेलं मी मागे घेत नाही.

मंगळ. २५

हे गेलेच. मी इतर बायका जिथून पाहतात तिथूनच पाहिलं. मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, पलीकडे पांढऱ्या टोप्या. त्यांतली दादाची कोणती ते शोधत राहिले. ह्या काठावर ह्यांचा निळा शर्ट. एकाला शोधलं की दुसरा हरवायचा. बाजूची म्हणाली, "बाई, कोणाकडून पाहून राहिल्या तुमी?" दोन्हीकडून, म्हटलं. ती सरकून बसली.

हे दिवे लागायच्या सुमारास आले. खांदा सुजलेला. हळद-चुना लावला. ताट वाढलं. जेवताना म्हणाले, "नळाजवळच्या घरातला तो, लंबा, तो गेमवर झाला."

"मेला?"

"मालूम नाई. डोक्शाले लागलं, दवाखान्यात नेलं."

"तुम्ही राजूसेठकडे कधी गेलात?"

"मी? कायले जातो तिथं."

"मग हा शब्द?"

"सगळेच म्हणून राहिले होते तिथं. गेमवर झाला, गेमवर झाला." आणि भात मागितला.

म्हणजे आधी सावरगाव डब्ब्यात गेलं, आणि आता डब्बा नदीवर आला. तरी म्हणे खेळाले खेळ राहू द्या. ताटं तशीच ठेवली आणि लिहायला बसले. जास्तीचा परिच्छेद नाही. चारच खण, अगदी धो.का. म्हणतात तसं.

बुध. २६, सौसर

शाळेत रजा टाकली. निघण्याआधी नळाजवळच्या घरी गेले. त्याची आई म्हणाली, डोळे उघडले, बोलत नाही अजून. दादा ठीक आहे, निरोप आला.

धो.का.ना कागद दिला. इथे उतरवून ठेवते, मागच्या खेपेसारखं व्हायला नको.

'खेळ: गोटमार.
देखावा: मधोमध पळस, वर झेंडा, दोन्ही काठ माणसांनी भरलेले. लाल रंग लांबूनही स्पष्ट दिसतो.
आवाज: आधी ढोल. मग दगड. कोणी पडलं की एका काठाचा जल्लोष. पडणाऱ्याचा आवाज वरपर्यंत येत नाही.
दर: फुकट. दगड नदीतलेच.
सहकुटुंब पाहण्यासारखे? होय. आमचं कुटुंब दोन्ही काठांवर उभं असतं.'

धो.का.नी वाचलं. चष्मा खाली घेऊन परत वाचलं.

म्हटलं, "ह्यात राजनीती कुठे आहे ते दाखवा. मीच कापते."

बराच वेळ शोधत राहिले. मग बोट शेवटच्या ओळीवर. "ही."

"मथळा तुमचा आहे. मागच्या वेळी त्याखाली 'होय' तुम्हीच छापलं होतं."

"बाई, दोन्हीकडचे लोक तुटून पडतील माझ्यावर."

"दोन्हीकडचे एकत्र? तेवढ्यासाठी तरी छापा."

ह्यावर मात्र हसू आलं त्यांना, ते त्यांनी लपवलं. म्हणाले, "उद्या सांगतो." म्हटलं, उद्या नाही, मी बसते. "तुमची बस जाईन." जाऊ दे, म्हटलं.

तर बसले आहे. प्रेसच्या बाकावर, मांडीवर रोजनिशी. शाईचा वास, बाहेर लोधीखेड्याच्या बसचा हॉर्न. धो.का.नी मांडणीवरून तो चार मथळ्यांचा गठ्ठा उतरवून टेबलावर ठेवलाय. मधून हातात घेतात, उलटा करतात, परत ठेवतात. एकदा विचारलं, "तुमच्या भावाचा डोळा, डावा की उजवा?"

"उजवा," म्हटलं.

मान हलवली. सुतळीची गाठ नखाने चाचपून राहिले आहेत. अजून सोडलेली नाही.