पित्त हा शब्द चालणार नाही

आई, मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, डॉक्टरने मला विचारलं, तुमची आई कशाने गेली? आणि या वयात मी गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी पर्सची चेन उघडझाप करू लागले. मग म्हणाले, ॲसिडिटीने. पित्ताला इंग्रजीत दुसरं काय म्हणणार? तिने मान वर केली. "ॲसिडिटीने कुणी मरत नाही," ती हळूच म्हणाली. माझ्या मुलीच्या वयाची आहे ती. मला तुझा इतका राग आला की पर्स उचलून निघून जावंसं वाटलं.

माझ्या जठरात जंतू निघाले होते, बहुधा लहानपणापासूनचे. हे घरातूनच येतात म्हणे. तू गरम भाताचा घास आधी आपल्या ओठांना लावून बघायचीस, मग मला भरवायचीस. दोन आठवडे अँटिबायोटिक्स घेतली, तोंडाला गंजक्या खिळ्याची चव. जंतू मेले. सूज उतरते आहे, अस्तर भरून येतं आहे. पण तुकडा काढून तपासला तेव्हा काही पेशी जठराच्या राहिल्याच नव्हत्या, इतकी वर्षं सूज सोसून त्या आतड्याच्या पेशींसारख्या झाल्या होत्या. त्या पूर्ववत होतील याची खात्री औषध देत नाही. बहुतेकांना पुढे काही होत नाही, थोड्यांना कॅन्सर होतो. म्हणून घरात कुणाला होता का, हे डॉक्टरला कळायला हवंय. त्यावर पोटात पुन्हा दुर्बीण किती लवकर घालायची ते ठरणार.

"आई, इन्फेक्शन गेलं, गुड न्यूज आहे. एवढा स्ट्रेस का घेतेस?" गाडीत लेक म्हणाली.

"चोर गेला म्हणून घर तपासायचं नाही का?" मी म्हटलं. त्यावर ती रेडिओ लावून मोकळी झाली.

मला अजून दिसतं, तू ओट्याशी उभी आहेस. डावा हात पोटावर, उजव्याने आमसुलाचं सार ढवळते आहेस. "पित्त उसळलंय, गार दूध घेते, होईल शांत." लुगड्याच्या निऱ्या दर महिन्याला जास्त पडताहेत आणि मी, कॉलेजातली शहाणी, तू बारीक झालीस म्हणून कौतुक करते आहे. तू गेल्यावर काकूने मला माजघरात बोलावलं. "कुणी विचारलं तर पित्त म्हणायचं. तुझं लग्न व्हायचंय अजून." लग्न झालं. संसार झाला, नवरा गेला, बाबा गेले, काकू गेली. आता विचारायला तूच उरलीस. मला कॉन्व्हेंटात घालून खरं बोलायला शिकवलंस, आणि स्वतःच्या बाबतीत एक शब्द खरा ठेवू दिला नाहीस.

काल नात माझ्या ताटातला भात मागत होती. मी तिचा हात झटकला. जंतू गेलेत हे ठाऊक असूनही. ती रडली, आणि मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मला भीती वाटते आहे, आई. हे लेकीला सांगितलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला डॉक्टरला उत्तर द्यायचं आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला कळत नाही, पण बुधवार संध्याकाळपर्यंत मला लेखी कळव. पूर्ण वाक्यात. पित्त हा शब्द चालणार नाही.