बाराव्या नावापुढचा ठिपका

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता खुशाल आहोत. माझा डावा गुडघा वगळता प्रकृतीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. हे पत्र तीस वर्षांनी येत आहे याची मला कल्पना आहे. तरीही ते मी भाऊ म्हणून नव्हे, संपादक या नात्याने लिहीत आहे.

आमच्या आणि तुमच्या राष्ट्रीय संघांतली पन्नासावी कसोटी एप्रिलमध्ये आमच्याकडे होईल. त्या निमित्ताने दोन्ही नियामक मंडळांनी मिळून या चुरशीचा इतिहास प्रसिद्ध करायचे ठरवले आणि काम माझ्याकडे आले. ते दुसऱ्या कोणाकडे जायला हवे होते असे मला वाटत नाही. आजवर या विषयावर जे लिहिले गेले ते बहुतेक ऐकीव आठवणींचे गाठोडे आहे. एका गृहस्थांनी तर पहिल्या कसोटीची नाणेफेकच भलत्या कर्णधाराला जिंकून दिली आहे.

मुख्य प्रकरण लिहून झाले आहे. त्याचा सारांश असा. पहिल्या कसोटीत तुमचा संघ तीन दिवसांत, डावाने हरला. पुढची एकवीस वर्षे, म्हणजे ती धरून अठरा कसोट्या, तुम्हाला एकही विजय मिळाला नाही. आमचे प्रेक्षक चहापानालाच घरी जात. आमचे मंडळ तुमच्याकडे दुय्यम संघ पाठवी आणि तोही जिंकून येई. मग एकोणिसाव्या कसोटीत तुम्ही आम्हाला सतरा धावांनी हरवले आणि सगळे बदलले. आता या सामन्यांच्या दिवशी दोन्हीकडची दुकाने अर्धे शटर ओढून बसतात आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणे बंद होते. या उदयाची मी तीन कारणे दिली आहेत: काथ्याच्या चटईच्या, म्हणजे मॅटिंगच्या, जाऊन हिरवळीच्या खेळपट्ट्या आल्या, शालेय स्पर्धा सुरू झाल्या, आणि तो डावखुरा वेगवान गोलंदाज मिळाला. स्थलांतरित प्रशिक्षकांचाही हातभार लागला, असे एक वाक्य आहे.

तुझ्याकडून एकच खुलासा हवा. त्या पहिल्या विजयातली तुझी ९१ धावांची खेळी आमच्या स्कोअरबुकात सात तास दहा मिनिटांची आहे, तुमच्या स्कोअरबुकात सात तास वीस. दहा मिनिटांचा फरक मला छापता येणार नाही.

समारंभाचे निमंत्रण मंडळाकडून तुला स्वतंत्रपणे येईल. यायचे की नाही, हा प्रश्न तुझा.

कळावे,
संपादक, तथा तुझा ज्येष्ठ बंधू


दि. २ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तू कसा आहेस? मुली काय करतात? हे दोन्ही प्रश्न तुझ्या वहिनीचे. मागच्या पत्राची प्रत तिने वाचली आणि म्हणाली, "एवढं लांबलचक लिहिलंत, त्यात भावोजी कसे आहेत एवढंसुद्धा विचारलं नाहीत." मी म्हटले, बरा नसता तर वर्तमानपत्रात आले असते. यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली. थोड्या वेळाने आतूनच तिने विचारले, "आणि ते 'स्थलांतरित प्रशिक्षक' म्हणजे कोण हो? त्यांना नाव नाही का?"

तुझे उत्तर पोचले. "दादा, सात तास वीस. दहा मिनिटं मी बुटाची नाडी बांधत होतो, ती तुमच्या माणसानं धरली नसणार." नाडी बांधण्याचा वेळ खेळीत धरायचाच असतो, तेव्हा सात तास वीस छापतो. पुढचे वाक्यही वाचले. "तुझं मोजणं किती काटेकोर, हे मला कोणी सांगायला नको. मी इथे आलो तो त्याच कारणानं." त्यावर इथे काही लिहिणार नव्हतो. पण एक तांत्रिक बाब निघाली आहे, आणि ती तुझ्याशी संबंधित आहे.

पुस्तकाच्या परिशिष्टात मी आमच्या निवड समितीसमोर दर मालिकेपूर्वी ठेवले गेलेले सरासरीचे तक्ते देत आहे. त्यांपैकी बरेच माझ्याच हातचे आहेत. तीस वर्षांपूर्वीचा तो तक्ताही त्यांत आहे. सलामीच्या फलंदाजाची एकच जागा होती, दावेदार दोन: तू आणि तो उंच सलामीवीर. त्या मोसमातली तुझी ११७ धावांची खेळी मी गाळली होती, कारण तो सामना बारा-बारा खेळाडूंचा झाला होता आणि असा सामना प्रथम श्रेणीत धरत नाहीत. नियम स्पष्ट आहे. आजही मी ती गाळीन. ती गाळल्यावर तुझी सरासरी ४०.५० भरली, त्याची ४४. त्याची निवड झाली. तू त्याच महिन्यात ट्रंक भरलीस आणि पलीकडे शाळेत क्रीडाशिक्षक झालास. वहिनी तुला सोडायला स्टेशनवर आली होती. मला मंडळाच्या कचेरीत काम होते.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. आता नवीन ते.

पुस्तकाच्या मुद्रितशोधक बाई तरुण आहेत, लाल पेन कानावर ठेवतात, आणि स्वल्पविरामांवरून माझ्याशी दोनदा भांडून एकदा जिंकल्या आहेत. परवा त्या उंच सलामीवीराच्या ९६ धावांच्या सामन्याचा धावफलक घेऊन आल्या.

"सर, एका संघात किती खेळाडू असतात?"

"हा प्रश्न तुम्ही मला विचारताय?"

"मी क्रिकेट बघत नाही, म्हणून विचारते. यात बारा नावं आहेत. दोन्ही बाजूंना."

मी मोजली. बारा होती. म्हणजे त्याचे ते ९६ देखील गाळायला हवे होते. ते राहून गेले. अशा प्रकारची नजरचूक माझ्या हातून कधी होत नाही. त्या मोसमात तीनशेहून अधिक धावफलक माझ्या टेबलावर होते, एवढेच मी म्हणू शकतो. मूळ कागद मंडळाच्या माळ्यावर आहेत, ते बाई मागवणार आहेत.

तुला कळवणे कर्तव्य होते, म्हणून कळवले. निमंत्रणाला तू अजून होकार दिला नाहीस, असे मंडळाचे चिटणीस म्हणत होते.

कळावे,
तुझा ज्येष्ठ बंधू


दि. ११ मार्च

धाकट्या,

तुझे उत्तर येण्याच्या आत हे लिहितो आहे, कारण मागच्या पत्रात एक शब्द चुकीचा गेला आहे आणि चुकीचा शब्द मी राहू देत नाही. तो शब्द 'नजरचूक'.

माळ्यावरचे कागद आले. माझी सवय तुला आठवत असेल: यादी मोजताना प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा. गल्लीतल्या सामन्यांपासूनची आहे. मुद्रितशोधक बाईंनी तो ९६ धावांचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"सर, हे ठिपके तुमचेच ना?"

"माझेच."

"बारा आहेत."

एवढे बोलून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. मला त्यांची ती खिडकी फार सभ्यपणाची वाटली.

तेव्हा मी मोजले होते. बाराव्या नावापुढे ठिपका दिला होता आणि तरीही ते ९६ तक्त्यात चढवले होते. का, ते सांगतो. समर्थन म्हणून नव्हे, नोंद म्हणून. तक्ता द्यायच्या आदल्या दिवशी निवड समितीचे अध्यक्ष कचेरीच्या जिन्यात मला म्हणाले, "भावाचा तक्ता भावाच्याच हातात. मग काय, आमच्या सह्या तेवढ्या राहिल्या." बरोबरचे दोघे हसले. मीही हसलो. मग वर जाऊन टेबलाशी बसलो. तुझे ११७ तोवर गाळून झालेच होते. त्याचे ९६ गाळले की तू पुढे जात होतास, आणि जिन्यातले ते वाक्य खरे ठरत होते. माझ्या तक्त्यावर कोणी बोट ठेवावे हे मला सोसवले नसते. तुझे काय होईल, याचा विचार मी केला होता. तू तरुण आहेस, पुढच्या मोसमात येशील, असा तो विचार होता. तू पुढच्या मोसमात इथे नसशील, हे मोजणीत नव्हते.

काल मी तो तक्ता पुन्हा मांडला. दोघांच्या बारा-बारांच्या खेळ्या धरल्या, तर तू ४९ आणि तो ४४. दोघांच्या गाळल्या, तर तू ४०.५० आणि तो ३६.५७. कोणत्याही एका नियमाने मोज, तू पुढे आहेस. तुला मागे ठेवायला दोन नियम लागले, आणि ते दोन्ही मी लावले.

तो उंच सलामीवीर दोन कसोट्या खेळला, मिळून एकोणीस धावा. त्याचा यात काडीचा दोष नाही. तू पलीकडे पात्रतेसाठी लागणारे चार वर्षांचे वास्तव्य पूर्ण करून त्यांच्याकडून उभा राहिलास आणि आमच्याविरुद्ध सात तास वीस मिनिटे हललास नाहीस. मी त्या दिवशी मैदानात होतो.  तू बाद होऊन परत निघालास तेव्हा आमच्या मंडपात सगळे बसून राहिले. मी उभा राहिलो. शेजारच्याने विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "गुडघा आखडला." माझा गुडघा तेव्हा ठणठणीत होता.

प्रकरणातली तीन कारणे मी काढून टाकली नाहीत. ती खरी आहेत. पण त्यांच्या आधी एक घातले आहे. गेल्या वीस वर्षांत तुमच्या संघात आलेल्या फलंदाजांपैकी सात जण एकाच शाळेचे, एकाच शिक्षकाच्या हाताखालचे. त्या शिक्षकाचे नाव, आणि तो आमच्याकडून का गेला, हे पान ११८ वर आहे. तो तक्ताही परिशिष्टातून त्याच पानावर घेतला आहे आणि त्याखालची तळटीप अशी: "मूळ तक्त्यात एका दावेदाराची खेळी नियमानुसार गाळली असून दुसऱ्याची तशीच खेळी धरली आहे. हे संकलकाने जाणूनबुजून केले. पहिला दावेदार संकलकाचा धाकटा भाऊ होता."

मंडळाचे चिटणीस म्हणाले, "सर, तीस वर्षांपूर्वीचं कोण विचारतंय? ती टीप तेवढी काढा, बाकी पुस्तक कसं झकास झालंय." मी म्हटले, टीप काढायची तर मुखपृष्ठावरचे माझे नावही काढा. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काल पान ११८ टिपेसकट छपाईला गेले. बाईंनी त्यात एक स्वल्पविराम वाढवला आहे, आणि तो बरोबर आहे.

गल्लीत मी पंच असायचो तेव्हा संशयाचा फायदा तुला कधी दिला नाही. बाकीच्या पोरांना द्यायचो. तू माझा होतास, म्हणून. तू बॅट आपटून म्हणायचास, "दादा, निदान बघून तरी आउट दे." तक्त्याच्या वेळी मी तुला बघूनच आउट दिले होते. संशय नव्हता.

सोबत नव्या तक्त्याची प्रत जोडली आहे. चारही सरासऱ्या एकदा तपासून पाठव. माझे काम दुसऱ्याने तपासावे, असे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. एप्रिलमध्ये स्वतः घेऊन आलास तरी चालेल. वहिनी विचारते आहे, तू अजून चहात साखर दोन चमचे घेतोस का. या वेळी तो प्रश्न माझाही आहे.

तुझा,
दादा