घरचा वाफा

माय, काल नदीच्या पाण्याची बैठक झाली आणि मी तिथं बोललो. तुला खरं वाटणार नाही. पाहुण्यांच्या घरी प्यायला पाणी मागायलाही मी लाजायचो. तू गेलीस तेव्हा होती तशीच नदी आहे, शहराचं सांडपाणी घेऊन बाराही महिने वाहणारी. आता वरच्या अंगाला शुद्धीकरण प्रकल्प झाला आहे. थोडं पाणी त्यातून साफ होऊन येतं, थोडं तसंच येतं, आणि सकाळी बंधाऱ्याखाली फेस दिसतो. आता असं घाटत आहे की साफ झालेलं पाणी पाइपानं कारखान्यांकडे न्यायचं. तसं झालं तर उन्हाळ्यात नदीत काही उरणार नाही, आणि नदीकाठच्या सगळ्यांची मेथी-कोथिंबीर बंद होईल.

तुझा घरचा वाफा अजून आहे. विहिरीजवळचा, लहानसा, नुसत्या विहिरीच्या पाण्यावरचा. नदीवरच्या मोटारीचं पाणी त्यात तू कधी जाऊ दिलं नाहीस, आम्हीही देत नाही. इथं प्रत्येकाच्या घरामागं असा एक वाफा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. लहानपणीचं अजून दिसतं, मी शाळेतून येतो, भूक लागलेली असते, नदीकडच्या खालच्या रानातला मुळा उपटून सदऱ्याला पुसतो आणि खायला लागतो. तू लांबून बघतेस, पळत येतेस, माझ्या तोंडात बोट घालून घास बाहेर काढतेस. "थुक आधी. ते बाजाराचं हाय, आपलं नाय." मी विचारतो, "मग बाजारातल्या लोकांनी खाल्लं तर?" तू पाटीत जुड्या रचत राहतेस. रचता रचताच म्हणतेस, "धुऊन घेतेत ते." भाजीच्या पुढच्या फेरीला मी तुझ्याबरोबर शहरात, शहागंजात होतो. बांगड्यांच्या दुकानातल्या सुनेचे दिवस भरत आले होते. तू पाटीच्या तळातून ओल्या फडक्यात बांधलेली एक जुडी काढून तिला दिलीस. ती म्हणाली, "मौसी, ये अलग क्यों?" तू म्हणालीस, "तुझ्यासाठी हाय. घे मुकाट." तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता. बाकीच्या पाटीचं मला काहीच वाटलं नव्हतं.

बैठकीआधी आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं होतं की दोन गोष्टी मागायच्या. पाणी पूर्ण साफ करा, आणि ते नदीतच सोडा. मी शिकलेला, म्हणून मी बोलायचं. शेजारचे आबा, तुला वैनी म्हणणारे, माझ्याजवळ बसले. अधिकारी बाई वयानं लहान होत्या, पण नीट ऐकून घेणाऱ्या. मी उन्हाळ्याचं सांगितलं, आटणाऱ्या विहिरींचं सांगितलं. पाणी साफ करण्याचं सांगायला लागलो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "दादा, या पाण्यावरची भाजी तुम्ही घरी खाता का?" आबांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला. नाही म्हटलं असतं तर उद्यापासून आमच्या जुडीला कोणी हात लावला नसता. मी म्हणालो, "खातो ना. लहानपणापासून खातो." बाई म्हणाल्या, "मग साफ करण्याचा प्रश्न तेवढा मोठा नाही. पाणी नदीतच राहावं, असं मी वर कळवते." बाहेर आल्यावर आबांनी पाठीवर थाप मारली. "जिंकलास लेका. वैनी असती तर पेढे वाटले असते." तू वाटले नसतेस. मी विचारलं, "आन् आबा, साफ करायचं कवा मागायचं?" ते हसले. "आता कोणत्या तोंडानं मागतोस?"

आज दुपारी मी खालच्या रानातली मेथी आणून तुझ्या सुनेला दिली आणि म्हणालो, ही कर. ती बघत राहिली. "डोकं ठिकाणावर हाय ना? नदीकडची हाय ती." मी म्हणालो, "मला एकट्यालाच वाढ." तिनं वेगळ्या कढईत केली, लसूण जरा जास्त घालून. मला वाटलं होतं, एकदा खाल्ली की कालचं बोलणं निदान पुरतं खोटं राहणार नाही. चवीत काहीच फरक नव्हता, माय. अगदी घरच्यासारखी लागली. इतकी वर्षं शहागंजातल्या लोकांना तशीच लागत असेल.

तुला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच तुला वाचून दाखवायचो. हे दुसऱ्या कोणाला वाचायला देता येणार नाही, म्हणून ते माझ्याजवळच राहील. एक सांगायचं राहिलं. मी जेवत होतो तेव्हा तुझी नात शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्याजवळ बसली आणि भाकरीचा तुकडा मोडून तिनं माझ्या ताटातल्या भाजीला लावला. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "पप्पा, तुमची भाजी वेगळी का?" मी ताट माझ्याकडे ओढून घेतलं आणि म्हणालो, तिखट आहे.