सातव्या आवृत्तीचा सूड

३ मार्च, सकाळी ९.४०
प्रकाशक अबिलियो सेरानो यांचा फोन. 'पोर्तुगालचे प्रमुख विमानतळ : प्रवाशाचा सोबती' या माझ्या पुस्तकाची सातवी आवृत्ती काढायची आहे म्हणाले. मी जरा भाव खाऊन म्हणालो, बघू, वेळ काढावा लागेल. ते म्हणाले, "तुम्ही नाही हो, सेन्योर किंतेला. फोन जरा दोना देओलिंदांकडे द्या."
देओलिंदा म्हणजे माझी बायको.

९.५५
मुखपृष्ठावर फक्त तिचं नाव येणार. प्रकाशकांच्या मते पुस्तकाचं काम तीच करते. धादांत खोटं. सहाही आवृत्त्यांत तिच्याकडे फक्त किरकोळ बाबी होत्या. विमानतळावर जायचं, फिरून बघायचं, चार लोकांना विचारायचं, टिपणं काढायची आणि ती नीट लिहून काढायची. बाकी सगळं मी.

१०.१०
सूड. ठरलं. आजपासून तिच्याशी अबोला.

१०.२५
अबोला तात्पुरता मोडला. चष्मा सापडत नव्हता.

४ मार्च
रात्रभर विचार केला (अकरापर्यंत). योजना अशी. मी स्वतंत्र गाइड लिहिणार. तिचं सप्टेंबरात येतंय, माझं जूनमध्ये. तिचं येईल तेव्हा दुकानात माझ्या पुस्तकाचे ढीग असतील आणि ती माझ्याकडे येऊन म्हणेल, "एव्हारिस्तो, चुकलं माझं." मी लगेच माफ करणार नाही. एक आठवडा घेईन.
पोर्तु, लिस्बन, फारो, फुंशाल. चारही विमानतळांवर स्वतः जाणार. आजवर गेलो नाही कारण लेखकाने विषयापासून थोडं अंतर ठेवावं. शिवाय विमानात माझे कान दुखतात.
जेवताना तिला म्हणालो, मी एका मोठ्या कामात आहे. ती म्हणाली, "बरं. सूप गरम आहे तोवर घे."
काय थंडपणा.

९ मार्च
सुरुवात घरापासून. पोर्तुचा विमानतळ. मेट्रोनं निघालो. जांभळी लाइन घ्यायची असते. लाल आधी आली. रूळ तर एकच दिसत होते, म्हणून बसलो. रूळ पुढे वेगळे होतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. समुद्र दिसायला लागला तेव्हा शंका आली.
शेवटच्या स्टेशनला, पोव्हुआला उतरलो. माशांचं सूप घेतलं. चांगलं होतं.
परत आल्यावर माझ्याच सहाव्या आवृत्तीत सहज पाहिलं. पान १४, ठळक अक्षरांत : 'लाल गाडीत बसू नका, ती तुम्हाला समुद्रावर नेईल.' हे वाक्य तिनं माझ्या पुस्तकात घातलं आणि मला सांगितलंसुद्धा नाही. आता कळतंय, किती वर्षं हे चाललं होतं.

१० मार्च
पोहोचलो. जांभळी.
चौकशीच्या काउंटरवर फिलोमेना नावाच्या बाई. मी वही उघडली, घसा साफ केला आणि म्हणालो, मी किंतेला. विमानतळांचं पुस्तक माझं. बाई एकदम उभ्याच राहिल्या. "अगं बाई, दोना देओलिंदांचे मिस्टर! गुडघा कसा आहे त्यांचा?"
गुडघा? मला काही बोलली नाही.
मग सफाईवाल्या बाई आल्या, कॉफीवाला आला, सामानाच्या ट्रॉल्या ढकलणारा एक दाढीवाला आला. सगळ्यांनी तिची चौकशी केली. मी ठासून सांगितलं की लेखक मी आहे. कॉफीवाला म्हणाला, "हो हो, त्या सांगतात ना. घरी टायपिंग करायला नवरा आहे म्हणून."
कॉफी अर्धी टाकून आलो. सुडाची धार दुप्पट.

११ मार्च
गुडघ्याबद्दल विचारलं. म्हणाली, दोन वर्षं झाली. लिस्बनला सरकत्या जिन्याची मापं घेताना दुखावला. मी म्हणालो, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं होतं. तू म्हणालास, जिना कितवा ते नीट लिही."
आठवत नाही.

१७ मार्च
गनिमी कावा. प्रकाशकांना नाव बदलून, आवाज बदलून फोन केला. मी फारोचा एक संतप्त प्रवासी आहे, देओलिंदा किंतेला या बाईंच्या माहितीमुळे माझं विमान चुकलं, अशा बाईंना काम देऊ नका.
सेरानो शांतपणे सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सेन्योर किंतेला, त्यांचं पुस्तक अजून निघायचंय. आणि मागच्या सहा आवृत्त्यांवर नाव तुमचं आहे. तक्रार तुमच्याविरुद्ध नोंदवू का?"
नोंदवू नका म्हणालो.

२६ मार्च, लिस्बन
रेल्वेनं आलो. इथे दोन टर्मिनल. हुशार माणूस आधी अवघड भाग उरकतो, म्हणून फुकटच्या बसनं थेट दुसऱ्या टर्मिनलवर. 'आगमन' हे प्रकरण लिहायला घेतलं. बाहेर येणाऱ्या प्रवाशांचं दार शोधलं. सव्वादोन तास शोधलं. शेवटी एका सुरक्षा रक्षकाला विचारलं, लोक येतात कुठून? तो म्हणाला, "इथं कुणी येत नाही, काका. इथून नुसते जातात."
पाय सुजले. पहिलं टर्मिनल राहिलं. ते मोठं आहे, एवढं लिहिलं.

२ एप्रिल
फारो रद्द. फारोला जायचं म्हणजे सबंध देश ओलांडायचा. फारो फार लांब. ते प्रकरण कल्पनाशक्तीवर लिहिणार. उन्हाळा, गर्दी, समुद्र. दोन पानं सहज होतील.
अर्धं पान झालं.

१४ एप्रिल
उद्या फुंशाल. मदेइरा बेट, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, मध्ये धावपट्टी. इथे तिचं पुस्तक उताणं पाडणार. देओलिंदाला सांगितलं, उद्या कामानं बाहेर जातोय. कुठे ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "स्वेटर आणि दात घासायचा ब्रश हातातल्या पिशवीत ठेव. वारा असला तर विमान दुसरीकडे उतरवतात."
तिला कसं कळलं? तिकीट टेबलावर राहिलं होतं. ब्रश मुद्दाम मोठ्या बॅगेत टाकला. शत्रूचा सल्ला घेत नसतो.

१५ एप्रिल, दुपार
हे शेजारच्या पोर्तु सांतु बेटाच्या विमानतळावरून लिहितोय. 
वारा होता. विमान फुंशालच्या जवळ गेलं आणि असं हललं की समोरच्या माणसाचा टोप माझ्या मांडीवर आला. पुन्हा वर. पुन्हा घिरटी. मला वाटलं, संपलं. सूड अर्धवट राहिला.
शेजारी मदेइरातल्याच कामरा द लोबुश गावच्या एक म्हाताऱ्या बाई, दोना एर्मिनिया. मांडीवर पुस्तक उघडं. माझी सहावी आवृत्ती. म्हणाल्या, "घाबरू नका हो, मी वाचून दाखवते. दर वेळी मी हेच पान वाचते." आणि मोठ्यानं वाचलं : 'वाऱ्यात विमान दुसऱ्यांदा वर गेलं की भीती वाटते. वाटू द्या. वैमानिकाला सवय आहे, तुम्हाला नाही, एवढाच फरक. शेजाऱ्याचा हात धरावासा वाटला तर आधी विचारा. नाही कुणीच म्हणत नाही.'
मी विचारलं. त्या हो म्हणाल्या.
धरून ठेवला. उतरेपर्यंत.
उतरल्यावर त्यांना कव्हरवरचं नाव आणि माझं नाव एकच असल्याचं कळलं. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "इतक्या मायेनं लिहिलंय तुम्ही." पहिल्या पानावर सही मागितली.
वाक्य खरंच चांगलं आहे. मीच लिहिलं असणार. फक्त कधी, ते आठवत नाही.
सही केली. हात थरथरत होता, त्यामुळे नाव नीट वाचता येत नाही. बरंच झालं.

४.३०
घरी फोन केला. तक्रार करायला, दुसऱ्या कशासाठी नाही. तिनं विचारलं, "कुठल्या बाजूला बसला होतास?" उजव्या. "अरेरे, डावीकडून छान दिसतं." मी म्हणालो, माझा ब्रश बॅगेत आहे आणि बॅग कुठे आहे ते देवाला ठाऊक. ती म्हणाली, तिथल्या दुकानात जोर्ज आहे, माझं नाव सांग.
सांगणार नाही.

४.५०
सांगितलं. जोर्जनं ब्रश दिला, स्वेटर दिला, वर वाटाण्याचं सूपही पाजलं.

२ मे
गाइड पूर्ण. अकरा पानं. जिथे माहिती कमी पडली तिथे आधार म्हणून माझ्याच सहाव्या आवृत्तीतून घेतलं. माणूस स्वतःच्या घरातून खुर्ची उचलतो त्याला कुणी चोरी म्हणतं का?
ब्रागाच्या एका प्रकाशकाला पाठवलं.

२१ मे
ब्रागाहून पत्र. 'आपले लेखन किंतेला यांच्या पुस्तकातून शब्दशः उचललेले आढळले. सबब परत.'
हसलो. उलट टपाली कळवलं की मीच किंतेला.

३ जून
दुसरं पत्र. 'आम्ही मूळ प्रकाशकांकडे चौकशी केली. त्यांच्या मते मूळ लेखिका दोना देओलिंदा आहेत. आपण त्यांचे नातेवाईक असल्यास कृपया त्यांना आमचा नमस्कार सांगावा. फुंशालचे पान विशेष आवडले.'
नमस्कार सांगितला नाही.

जुलै (तारीख राहिली)
गरमी. ती कामासाठी सारखी बाहेर. दोन आठवडे फारोत होती. मी घरी सार्डिन मासे भाजले. आतून कच्चे, बाहेरून कोळसा. खिडकीतून धूर गेला तेव्हा समोरच्या घरातला माणूस ओरडला, "किंतेला, बायको कधी येतेय?"
सगळेच तिच्या बाजूचे.

५ सप्टेंबर
पुस्तक १८ला बाहेर पडणार. शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात कार्यक्रम, तिचं भाषण, मग प्रश्नोत्तरं.
प्रश्नोत्तरं! शेवटचा आणि निर्णायक वार तिथेच. मागच्या रांगेत उभा राहून एकच प्रश्न : "फुंशालची धावपट्टी किती खांबांवर उभी आहे?" आकडा मी वाचनालयात जाऊन पाठ केलाय. तिला येणार नाही. भर सभेत गप्प बसेल. मग मी सावकाश उत्तर देईन.
आरशासमोर सराव. 'किती' वर जोर.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
दुकान भरलेलं. फिलोमेना बाई, कॉफीवाला, दाढीवाला, खास मदेइराहून आलेल्या दोना एर्मिनिया. मी मागे.
ती बोलली. साधंच बोलली. लोक हसत होते, मधेच कुणीतरी डोळे पुसत होतं. विमानतळाबद्दल बोलताना कुणी डोळे पुसतं, हे मला नवीन होतं.
मग सेरानोंनी अर्पणपत्रिका वाचली : 'माझे पती एव्हारिस्तो यांस. ते घरी बसून राहिले म्हणून मला बाहेर पडता आलं.'
टाळ्या. सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी किंचित मान झुकवली. नंतर वाक्याचा अर्थ हळूहळू पोहोचला.
उभा राहिलो. प्रश्न विचारला. 'किती' वर जोर दिला.
 ती म्हणाली, "माहीत नाही रे. मोजत बसलं तर विमान चुकेल."
लोक इतके हसले की आकडा सांगायची संधीच मिळाली नाही. खाली बसायला गेलो, तर खुर्ची कुणीतरी नेलेली.
दोना एर्मिनियांनी जवळ येऊन माझा हात हातात घेतला. 

१९ सप्टेंबर
सूड फसला असं कुणी म्हणू शकत नाही. लांबला एवढंच.

२ ऑक्टोबर
सेरानो तिला स्पेनचं पुस्तक देतायत. चाळीसच्या वर विमानतळ. जेवताना तिनंच सांगितलं. मी म्हणालो, तुला स्पॅनिश येत नाही. म्हणाली, शिकले. कधी? "मंगळवारी आणि शुक्रवारी. चार वर्षं झाली."
मंगळवारी आणि शुक्रवारी ती दातांच्या डॉक्टरकडे जाते असा माझा समज होता.
विचारलं, परत कधी येणार? संपलं की, म्हणाली. म्हणजे किती महिने? ताटातला बटाटा तिनं उगाच दोनदा कापला. "मला घाई नाहीये, एव्हारिस्तो."
मी म्हणालो, हवं तर मीही येतो. पिशव्या उचलीन. गुडघा आहे तुझा.
 "हे छत्तीस वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर," एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.
मी पुसली. पहिल्यांदाच नाही. दुसऱ्यांदा.

१० ऑक्टोबर, सकाळी ११.२०, पोर्तु विमानतळ
तिला सोडलं. बॅग मीच आणली, ओढायची चाकं असतात हे आत आल्यावर कळलं.
सुरक्षा तपासणीपाशी थांबलो. पलीकडे गेल्यावर ती वळून हात करील असं वाटलं. ती तिथले ट्रे एकेक उचलून कडा तपासत होती, काहीतरी लिहून घेत होती. मग गर्दीत गेली. मी हात वर केला होता तो तसाच राहिला. गिऱ्हाईक शोधत आत आलेल्या एका टॅक्सीवाल्याला वाटलं, त्यालाच बोलावतोय.
एक तरुण जोडपं आलं. ब्रागाची बस कुठून सुटते, काका?
उत्तर ओठांवर आलं होतं. डावीकडे, दुसरा दरवाजा. मनानंच रचलेलं होतं. मी म्हणालो, माहीत नाही.
मुलीनं पिशवीतून सातवी आवृत्ती काढली, पान उघडलं आणि म्हणाली, "सापडलं. या काका, तुम्हीही चला. तुम्हाला कुठं जायचंय?"
घरी, म्हणालो.
तिनं तेही पान शोधून दिलं.