किराण्याच्या पिशवीतली बाटली

४ जून
ती. दादास, सा. न. वि. वि.
माझं पत्र बघून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. किराणा दुकानांतही आता दारू विकायला परवानगी मिळणार, हे पेपरात वाचलं होतं. तूही अर्ज केलास, हे काल ह्यांच्याकडून कळलं.

दादा, ह्यांना दुकानात कामाला तूच ठेवलंस. तेव्हापासून थेंब घेतलेला नाही. संध्याकाळच्या गाडीने पिठाने पांढरे झालेले हात घेऊन येतात, नि मी दारातच वास घेते. अजूनही. त्यांना ते कळतं, बिचारे हसतात. दारूचं दुकान आलं की ते रस्ता बदलतात. तुझ्याच दुकानात आली तर कुठला रस्ता बदलतील? पाया पडते, एवढं नको करूस. वहिनींना नमस्कार.
तुझ्या मायेवरच उभे आहोत, ती आटू देऊ नकोस.
तुझी चिमी

११ जून
चि. चिमीस, अ. आ.
तुझं पत्र वाचून मी नि वहिनी पोट धरून हसलो. लहानपणी झुरळाला घाबरायचीस, आता बाटलीला! अगं, मी नाही ठेवली तर नाक्यावरचा ठेवेल, नि गिऱ्हाईक साबणसुद्धा त्याच्याकडूनच घेईल. ज्याला प्यायची नाही त्याला दारूने अंघोळ घातली तरी तो पीत नाही. तुझ्या नवऱ्यात दम नाही, त्याला माझी बाटल्यांची फळी काय करणार?

उलट ती फळी मी त्यालाच सांभाळायला देतोय. त्या मालातलं आपल्यात त्याच्याइतकं कळतं कुणाला? जमत नसेल तर येऊ नको म्हणावं. पोती उचलायला माणसं पुष्कळ मिळतात.
रुसू नकोस, भावावर जीव आहे तसा राहू दे.
दादा

२ सप्टेंबर
चि. चिमीस, अ. आ.
तुझं एक अक्षर नाही. झालं ते वाईटच. पण तुझा नवरा गोदामात पोत्यांवर पिऊन पडलेला सापडला, भर गिऱ्हाइकांतून उचलून न्यावा लागला. कामावरून काढला नसता तर दुकानाची अब्रू गेली असती.

आता गल्लीतल्या बायका परवाना रद्द करा म्हणून मागे लागल्यात, नि ऊठसूट तुझ्या नवऱ्याचंच नाव घेतात. सोमवारी कलेक्टर कचेरीत सुनावणी आहे. तू येऊन एवढंच सांग, की त्याची कधी सुटलीच नव्हती, चोरून चालूच होती. बायकोच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही. गाडीवाल्याबरोबर महिन्याचा किराणा पाठवतोय. त्यात त्याच्यासाठीही एक ठेवलीय, म्हणजे घरात पडून राहील, तिथे येऊन तमाशा करणार नाही.
सख्ख्या भावाला अंतर देऊ नकोस.
दादा

५ सप्टेंबर
दादास,
किराणा मिळाला. मी तुझं पत्र वाचेपर्यंत ह्यांनी पिशवी उपसली होती. काम सुटल्यावर त्यांनी पुन्हा बंद केली होती रे. दिवसभर माझ्याजवळ डाळ निवडत बसायचे. मी बाटली ओढायला गेले तर म्हणाले, दादांनी स्वतः पाठवलीय, म्हणजे थोडी चालेल.

काल संध्याकाळी पिऊन जिन्यावरून पडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आज सकाळी सगळं उरकलं. तुला मुद्दामच कळवलं नाही, तुझा खांदा मला नको होता.

तेव्हा ते तमाशा करायला येणार नाहीत. सोमवारी मी येतेय. तुझ्या दुकानाची चिठ्ठी लावलेली ती बाटली आणतेय, नि तुझं पत्र तिथे सगळ्यांसमोर वाचणार आहे. बायकोच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही, हे तूच लिहिलंयस.
लोभ होता, तो आज सरला.
चिमी