समू सांगते

२८ एप्रिल

पोचले एकदाची. जालना ते संभाजीनगर म्हणजे काही विलायत नव्हे, पण लग्नसराईतली एसटी आणि मांडीवर कुणाचं तरी लेकरू, त्यामुळं उतरले तेव्हा पायांना मुंग्या आणि साडीवर कुरकुऱ्यांचा चुरा. अभय मोटारसायकल घेऊन स्टँडवर हजर होता. माझी बॅग बघून म्हणाला, ताई, गोव्याला जायचं की नाही ते आम्ही ठरवतोय, तुम्ही तर सामान घेऊन निघालातसुद्धा. बहिणीचा नवरा असा गमत्या असावा, घर हलकं राहतं.

मी इथं रडायला आलेली नाही, हे आधीच लिहून ठेवते. अभयची वाळूजची कंपनी गोव्यात नवा कारखाना काढतेय आणि त्याला तिकडं बोलावलंय. मेअखेर काय ते सांगायचं. नाही म्हटलं तर इथली नोकरी राहील याची खात्री नाही. अभयला जायचंय. रूपा, माझी धाकटी बहीण, हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. म्हणून आईनं फर्मान काढलं, की तनुजा, तुझ्या शाळेला सुट्टी आहे, तुझ्यामागं ना नवरा ना पोर, तू जा आणि त्या पोरीला तिथून हलव.

रूपा का हलत नाही ते सगळ्यांना माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांची थोरली, समू, सहा वर्षांची, अंगणातल्या हौदात पडून गेली. नळ आला होता, झाकण उघडं होतं आणि रूपा उतू चाललेल्या दुधाकडं आत पळाली होती. एवढंच झालं होतं.

घर छान आहे. हर्सूल तलावाच्या अलीकडं, दारात कडुनिंब, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती. धाकटी यशू तीन वर्षांची आहे, आल्याआल्या तिनं माझा चष्मा ताब्यात घेतला. रूपानं ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती. जेवताना ती एकदा हसलीसुद्धा. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं चाललंय.

१ मे

या शहरातले सण कॅलेंडरात नसतात, नळात असतात. आठ-नऊ दिवसांनी एकदा पाणी येतं आणि तेही कधी येईल त्याचा नेम नाही. आज भर दुपारी गल्लीत आरोळी उठली, नळ आले, नळ आले. सगळ्या घरांतून मोटारी, पाईप, बादल्या, भांडणं. शेजारच्या सरूबाईंनी भिंतीवरून मला बजावलं, की मास्तरीणबाई, आज अंघोळ करून घ्या, फुडचा भरवसा नाय.

अभय मात्र नळ येताच चप्पल घालून बाहेर गेला. रूपानं हौदाचं झाकण बाजूला केलं, पाईप सोडला आणि आत पोळ्या लाटायला बसली. यशूला तिनं मांडीशी घेतलं होतं. बराच वेळ तिनं अंगणाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मध्येच उठली, हात पुसले आणि नळ बंद करून आली. मी वाकून पाहिलं तर हौद काठाला चार बोटं कमी, अगदी मापून भरल्यासारखा. मी तिची फिरकी घेतली, तुला काय पाठीला डोळे आहेत का?

"समू सांगते ना," रूपा म्हणाली. कांद्याचा भाव सांगावा तशी.

हे काम समूचंच होतं म्हणे. नळ आला की कडुनिंबाची काडी घेऊन ती हौदाशी बसायची आणि आत आईला वर्दी द्यायची, पाव झाला, अर्धा झाला, चार बोटं राहिलं.

भांडं भरत आलं की पाण्याचा आवाज बदलतो, हे चौथीच्या पोरांना मीच शिकवते. रूपाच्या कानाला तो आवाज सरावला असणार. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घरात ना कधी लिंबू-मिरची येऊ दिली ना गंडा-दोरा. भुताखेतांना आमच्याकडं थाराच नव्हता. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. तिच्याशी वाद घालायची ही वेळ नव्हे.

५ मे

आज गोव्यावर संसद भरली. अभयनं मोबाईलवर घराचे फोटो दाखवले. दोन खोल्या, मागं नारळ, समुद्र चालत जाण्याजोगा. सरूबाईंचं मत पडलं की कुठंबी जा, पळसाला पानं तीनच. वर तिथली गरमी घामाची, इथली निदान भाजून मोकळं करते. मी म्हटलं, मासे खायला शिका, म्हणजे मला सुट्टीत यायला एक कारण मिळेल.

रूपानं एकच विचारलं, तिथं हौद आहे का. अभय मोठ्या उत्साहानं म्हणाला की हौदाचं कामच नाही, तिथं रोज पाणी येतं. तिचा चेहरा उतरला आणि ती आत निघून गेली. तो बिचारा माझ्याकडं बघत बसला. त्याला वाटलं होतं, हे ऐकून ती सुटेल.

१० मे

नळ आला. मी मुद्दाम पायरीवर बसले, हौदापासून दोन हातांवर. ऊन मी म्हणत होतं. पाणी पडत होतं, दुसरं काही नाही. मी मनात म्हटलं, बघ, नुसता पाण्याचा आवाज.

मग हौदातून एक पोर म्हणालं, "अर्धा झाला."

मी उठून भिंतीपलीकडं पाहिलं. सरूबाई एकट्याच भांडी घासत होत्या. मी परत येऊन बसले. नंतर पुन्हा, चार बोटं राहिलं. स्वयंपाकघरातून रूपा म्हणाली, आले गं, आणि येऊन नळ बंद केला. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. तिनं माझा हात हातात घेतला. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी सोबत मिळाल्यासारखी ती दिसली आणि मला भीतीपेक्षा रडूच जास्त आलं.

संध्याकाळी अभय परतला. मी त्याला विचारलं, नळ आला की तुम्ही कुठं जाता. तलावावर जाऊन बसतो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "ताई, मला एकदासुद्धा ऐकू आलं नाही. मी किती दिवस हौदाला कान लावून बसलो. बापाला नको का सांगायला काही?"

मी त्याच्यापुढं चहा ठेवला.

१९ मे

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

नळ आला होता. रूपा आत होती. यशू माझ्याजवळ होती आणि मी दोरीवरचे कपडे काढायला वळले. पाहिलं तर ती हौदाच्या काठावर पोटावर आडवी, एक हात खांद्यापर्यंत पाण्यात, आणि हसतेय. मी पाय धरून ओढलं तेव्हा जड लागली. तीन वर्षांचं पोर इतकं जड नसतं.

तिला विचारलं, काय करत होतीस. समूताई हात दे म्हणाली, असं यशू म्हणाली.

रूपानं ते ऐकलं. ती रागावली नाही, घाबरली नाही. तिला एकटीला करमत नसेल, एवढंच म्हणाली. तेव्हा मी ठरवलं, की हे लोक इथून गेले पाहिजेत.

२० मे

सकाळपासून रूपाशी बोलत होते. यशूची शपथ घातली, आईची घातली. शेवटी ती फुटली. अख्ख्या वर्षात रडली नव्हती तेवढी रडली. म्हणाली, एकदा तिला सोडून आत गेले, ताई. आता गोव्याला गेले तर ती वर्दी देत बसेल आणि आतून हो म्हणायलासुद्धा कुणी नसेल.

मी म्हटलं, मी म्हणेन.

तिनं मला हौदाशी नेलं आणि झाकणावर हात ठेवून तसं म्हणायला लावलं. मी म्हणाले, "समू, मी मावशी. आता मला सांगत जा." मी ते रूपासाठी म्हणाले. रूपा तिथून हलावी म्हणून काहीही म्हणाले असते. पण शब्द तोंडातून गेला आणि झाकणाखाली पाणी हललं.

२५ मे

टेम्पो गेला. यशू खिडकीतून हात हलवत होती. रूपानं निघताना झाकणावर डोकं टेकलं, अभयनं तिला धरून उठवलं आणि मग तोच खाली बसला. त्याला उठवायला मी गेले.

सरूबाई डोळे पुसत म्हणाल्या, माय मरो आन् मावशी जगो म्हंत्यात ते खोटं नाय. घर भाड्यानं द्यायचंय म्हणून मी शाळा उघडेपर्यंत थांबते, असं सगळ्यांना सांगितलंय. झाकणाला कुलूप लावलं. नळापुरतं उघडायचं.

२८ मे

नळ आला. पाव झाला. हो गं. अर्धा झाला. हो गं बाई. चार बोटं राहिलं. मी नळ बंद केला आणि झाकण ओढणार तोच ती म्हणाली, मावशी, मम्मी कुठं गेली?

बाजारात, मी म्हणाले.

१ जून

रूपाचा फोन. यशू लाटांना घाबरत नाही म्हणे. रूपा रात्रभर झोपते. बोलता बोलता खळखळून हसली, लहानपणी हसायची तशी. शेवटी हळूच विचारलं, सांगते का?

सांगते म्हटलं. मजेत आहे.

फोन ठेवून मी पोटभर रडले. आनंदानं असेल.

६ जून

आज पाव नाही, अर्धा नाही. नुसतं मम्मी बाजारातून आली का. परत परत. माझ्यानं ऐकवेना. मी हात पाण्यात घातला, म्हटलं मी आहे ना. इवल्या बोटांनी माझं बोट धरलं. ओढलं नाही. नुसतं धरलं. असं माझं बोट कुणी कधी धरलं नव्हतं. पाणी ओसंडून अंगणभर झालं तरी मला सोडवेना.

९ जून

आज नळ नाही. झाकणाला कुलूप आहे. तरी ती सांगतेय — भरत आला, मावशी — भरत आला —

हौदात तर पाणी वीतभर खाली गेलंय. मी सकाळीच पाहिलंय.

१० जून

खरं सांगून टाकलं. मम्मी गोव्याला गेली. आता इथं येणार नाही.

मग — बोलव ना तिला.

मी नाही म्हणाले. नाही बोलवणार. ती आत्ता कुठं जिवंत झालीय, समू.

मग तू ये.

१२ जून

कुलूप पायरीवर. उघडं. किल्ली माझ्या कमरेला.

ओली पावलं स्वयंपाकघरापर्यंत. गॅसपाशी येऊन थांबलेली. तिथंच रूपा त्या दिवशी —

रूपाचा फोन. तिला चैन पडत नाही म्हणे. एकदा येऊन जाते, हौदाशी बसते. मी ओरडले तिच्यावर. येऊ नकोस. इथं काही नाही. आवाज बंद झालाय, परवापासून बंद झालाय, मोकळी झाली ती. रूपा रडली. मग म्हणाली, बरं झालं.

आता ती येणार नाही. यशूला घेऊन येणार नाही.

१४ जून

बॅग दारात. परवा शाळा उघडतेय. हौद बुजवायला उद्या माणूस येईल, सरूबाईंना सांगून ठेवलंय. ऑटो बोलावलाय. बुद्धापुढं बसले, वंदना म्हटली, मन जरा थाऱ्यावर आलं. जमलं सगळं. ते तिकडं सुखात —

रडतेय.

आजवर ती रडली नव्हती. बोलायची, विचारायची. रडली नव्हती. शब्द नाहीत, नुसतं हुंदके देऊन — झोपेतून उठलेलं पोर, जवळ कुणी नसलं की — हौद बुजवायचं तिनं ऐकलं असेल. मीच मोठ्यानं बोलले सरूबाईंशी —

ऑटो आला. हॉर्न देतोय.

असं रडत राहिली तर गोव्यापर्यंत ऐकू जाईल रूपाला. ती येईल. आई आहे ती, येईलच.

एकदा जवळ घेते. एकदाच. ऑटोवाल्याला थांब म्हणते आणि — झाकण उघडंच आहे — गप, समू, रडू नको बाळा, आले मी, ही बघ मी आ—