ह्यांना निवांत वाटावे म्हणून

१ मार्च, रविवार
हे काल रिटायर झाले. सारी उमर छापखान्यात मशीनवर गेली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. निरोपाला गजराचे घड्याळ दिले. घरी आल्यावर विचारले, आता काय करायचे मनात आहे? म्हणाले, एकदा निवांत व्हायचंय. एवढे बोलून जेवले आणि आडवे झाले.
ह्या माणसाने लग्नापासून काही मागितलेले नाही. भाजीत मीठ कमी असले तरी मागत नाहीत. आज पहिल्यांदा मागितले आहे, तर ते मी मिळवून देणार. देवापुढे हात जोडून संकल्प केला.

५ मार्च, गुरुवार
दाढ ठणकत होती म्हणून भावोजींच्या क्लिनिकवर गेले. (नणंदेचे यजमान, दातांचे डॉक्टर. नणंद तिथेच अपॉइंटमेंटचे बघते.) वेटिंग रूममध्ये मासिकांच्या ढिगात एक गुळगुळीत पुस्तिका सापडली. ‘निवांत इटली. चौदा दिवस, दोन प्रांत, मोजकी माणसं.’ टेकड्या, उंच सडपातळ झाडे, अंगणात डोळे मिटून बसलेला एक म्हातारा. कपाळ थेट ह्यांच्यासारखे. मागच्या पानावर किंमत होती. ती वाचल्यावर दाढ दुखायची थांबली.
पुस्तिका पर्समध्ये आली. ही चोरी नव्हे. वेटिंग रूममधली वस्तू पेशंटसाठीच असते आणि मी पेशंट होते.
घरी हिशेब मांडला. गाईड, एसी गाडी आणि ‘स्वागतपेय’ वजा केले की सहल तिसऱ्या हिश्शात बसते. एवढा संसार मॅट्रिकच्या गणितावर चालवला आणि कुणापुढे हात पसरला नाही. मग इटलीचे काय मोठे!

८ मार्च, रविवार
ग्रुप तयार. नणंद आधी आपल्या भावाकडे बघत राहिली. हे पंख्याकडे बघत होते. शेवटी ती म्हणाली, दादा येत असेल तर आम्ही दोघं आहोत. शेजारच्या नर्सबाईही तयार आहेत. त्या मोठ्या इस्पितळात हेड नर्स होत्या, आता एकट्याच असतात. म्हणाल्या, ताई, कुठं तरी बसायला मिळालं तरी पुरे.
म्हणजे पाच झालो. सहा असले तर विमानाच्या तिकिटात डिस्काउंट मिळतो. देव सहावा पाठवील, तोवर बुकिंग करायचे नाही. फोनवर ग्रुप काढला, ‘निवांत इटली’.
संकल्प: कुणावर काही लादायचे नाही. मी मुळात कुणाच्या अध्यात ना मध्यात.

११ मार्च, बुधवार, पहाटे ४.५०
रात्रभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. विमानाचे भाडे तेवढेच, मग दोनच प्रांत का? त्या पुस्तिकावाल्यांनी लोकांना चक्क फसवले आहे. आता सात प्रांत घेतले. वर व्हेनेतोपासून सुरुवात, टस्कनी, उंब्रिया करत बुटाच्या टाचेपर्यंत उतरायचे, मग समुद्र ओलांडून सिसिली. नकाशावर बोटभर अंतर आहे. त्यात चार ठिकाणी निवांतपणा ठेवला आहे, दुपारी २ ते २.२०.
पाच वाजता ग्रुपवर टाकले. लगेच कुणी बोलले नाही, भारावले असतील. नऊ वाजता नणंदेने लिहिले, वहिनी, ही सहल आहे की बदलीची ऑर्डर? मग तीन अंगठे आले. नर्सबाईंचा फोन कालपासून बिघडला आहे.

१४ मार्च, शनिवार
मुलीने फोनवर सांगितले की तिकडे हॉटेलपेक्षा मठांत स्वस्तात राहता येते. मठ जोगिणींचे, म्हणजे तिकडच्या नन लोकांचे. खोली स्वच्छ, भिंतीवर फक्त देव, रात्री दहाला फाटक बंद. माझे मन भरून आले. देव कोणताही असो, शिस्त एकच. मुलीकडून दहा मठांना ईमेलने पत्रे लिहून घेतली. ती म्हणाली, आई, बाबांना विचारलंस का? मी म्हटले, त्यांच्यासाठीच तर चाललंय, त्यांना काय विचारायचे?

१८ मार्च, बुधवार
एका मठाच्या मोठ्या बाईंचे उत्तर आले. मुलीने फोनवर वाचून दाखवले. बाई लिहितात, आपण संध्याकाळी सातला येऊन पहाटे पाचला निघणार आहात. आमच्याकडे लोक शांतता मिळावी म्हणून येतात. निदान तीन रात्री राहावे, अशी विनंती.
तीन रात्री म्हणजे तीन रात्रींचे भाडे. देवाच्या दारीही हेच. नाव खोडले. मुलगी हसली की खोकली ते कळले नाही.

२२ मार्च, रविवार
आज रंगीत तालीम. इटलीत पायऱ्या फार, म्हणून सामान उचलायची सवय हवी. प्रत्येकाला एक बॅग भरून दिली. सकाळी सातला निघालो. रेल्वेचा पादचारी पूल तीनदा चढून उतरलो (समुद्राकाठचे गाव), वाचनालयात अर्धा तास न बोलता हिंडलो (म्युझियम), मग बाजाराकडे. भावोजी म्हणाले, दात काढायला आलेली माणसंसुद्धा याहून हसरी असतात. ते विनोदी आहेत.
बाजारात रद्दीवाल्याच्या दुकानापुढे बॅगा उघडायला लावल्या. आत आमच्या घरची रद्दी होती. एका दगडात दोन पक्षी, मला वाटले सगळ्यांना गंमत वाटेल. नर्सबाईंनी आपली बॅग उलटी केली, वर्षभराची वर्तमानपत्रे बाहेर पडली. त्या म्हणाल्या, ताई, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवतं ना? मला आठवत होते. म्हणून तर त्यांच्या बॅगेत पुस्तके घातली नव्हती.
तेवढ्यात लक्षात आले की हे नाहीत. त्यांची बॅग नाही, म्हणजे वजनही कमी भरणार. मागे फिरलो. वाचनालयात पेपरच्या टेबलापाशी सापडले. गाढ झोपले होते, तोंडावर कालचा अंक. खांद्याला धरून हलवले. तिथली बाई म्हणाली, झोपू द्या हो, सहापर्यंत उघडंच आहे. मी म्हटले, अहो, अजून बाग व्हायची आहे, आणि पुन्हा हलवले. हे धडपडत उठले, शर्टाची कॉलर नीट केली आणि विचारले, शिफ्ट लागली का?
सगळे टेबल माझ्याकडे बघत होते.
बाग रद्द केली. ऊन फार होते.

२३ मार्च, सोमवार
काल ढग होते. वरची नोंद दुरुस्त करावी.
जपाला बसले. प्रत्येक मण्याला ‘शिफ्ट लागली का’ ऐकू आले. माळ अर्ध्यात ठेवली.
पण नीट विचार केला तर ह्यावरून हेच सिद्ध होते की त्यांना विश्रांतीची किती गरज आहे. म्हणजे सहल झालीच पाहिजे.

२ एप्रिल, गुरुवार
मन द्विधा होते म्हणून देवालाच विचारले. ‘जावे’ आणि ‘जाऊ नये’ अशा दोन चिठ्ठ्या ठेवल्या. ‘जाऊ नये’ आली. घडी नीट पडली नव्हती. परत टाकल्या. पुन्हा तीच. समईच्या धगीने कागद वाकला असणार. तिसऱ्या वेळी दोन्हींवर ‘जावे’ लिहिले. देवाला उगाच कोड्यात टाकू नये.

१० एप्रिल, शुक्रवार
तिसरा प्लॅन पूर्ण. आता कुणी निवांत नाही असे म्हणून दाखवावे. विश्रांतीचा वेगळा रकाना आखला आहे: ह्यांची विश्रांती, बाकीच्यांची विश्रांती, राहून गेलेली विश्रांती (रेल्वेत भरून काढणे).
हे हल्ली रोज दुपारी बाहेर जातात. सोमवारी पोस्टात. मंगळवारी पोस्टात. काल पोस्टाला सुट्टी होती, तरी पोस्टात. विचारले तर म्हणतात, पाय मोकळे करतो. इटलीची प्रॅक्टिस करत असावेत. न सांगता करतात, हा त्यांचा स्वभाव.

१५ एप्रिल, बुधवार
लिहू की नको.
दुपारी एकला प्लॅनची प्रत द्यायला क्लिनिकवर गेले. शटर अर्धे खाली. वाकून आत गेले तर नणंदेने तोंडावर बोट ठेवले. वाटले, पेशंट गंभीर आहे. आतल्या खोलीत दात काढायच्या खुर्चीवर हे होते. खुर्ची पार मागे पाडलेली, पाय वर, गळ्याभोवती तो निळा कागदी रुमाल. घोरत होते. घरी इतकी वर्षे ऐकले, पण असे एका लयीत कधी नाही.
नर्सबाई कोपऱ्यात स्टुलावर विणत होत्या. म्हणजे त्यांनाही माहीत. भावोजी बाहेरच्या बाकावर डबा खात होते. हळू आवाजात म्हणाले, तालमीपासून येतो दादा. एक ते तीन मी पेशंट घेत नाही. मी विचारले, मला कुणी सांगितले का नाही? नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही टाइमटेबलात घातलं असतं.
उठवले नाही. ह्याची नोंद असावी.
बाकावर बसून राहिले. कुणाचे लक्ष नाही असे बघून पर्समधली पुस्तिका काढली आणि मासिकांच्या खाली सारली. भावोजी डब्यातून मान वर न करता म्हणाले, आली का परत.
घरी चालत आले. बसचे पैसे वाचवायला नव्हे. बसमध्ये कुणी ओळखीचे भेटले असते.

१९ एप्रिल, रविवार
ह्यांना क्लिनिकबद्दल काही बोलले नाही. वाटले, तेच सांगतील. सांगितले नाही. मग मी उगाच तिसरा प्लॅन वाचायला घेतला, बोलायला दुसरे काही सुचेना. चौथ्या प्रांताला आले तेव्हा हे म्हणाले, तू जाऊन ये. सगळ्यांना ने. मी घरी राहतो.
विचारले, चौदा दिवस एकटे घरी काय करणार?
म्हणाले, काही नाही.
मी देवाचे नाव घेते, तसे ते दोन शब्द त्यांनी घेतले.
म्हटले, मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात? म्हणाले, तू एवढी खुशीत होतीस. नकाशा बघताना गुणगुणत होतीस. मोडवेना.
पोळ्या करताना दोन करपल्या. दोन्ही मी खाल्ल्या.

२० एप्रिल, सोमवार
सकाळी ग्रुपवर लिहिले, सहल रद्द. पहिल्या मिनिटात चार अंगठे. नर्सबाईंचा फोन एकदम दुरुस्त झाला. चौथा अंगठा ह्यांचा, शेजारच्या खोलीतून.
नंतर नणंदेचा फोन आला. म्हणाली, मनाला लावून घेऊ नका वहिनी, आम्ही दादासाठी हो म्हटलं होतं. मी म्हटले, मीही. मग तिने विचारले, रद्दीला भाव काय मिळाला हो? मी सांगितला. इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. मला हसू आले नाही, पण रडूही आले नाही, हे तिचे उपकार.

२४ एप्रिल, शुक्रवार
हिशेबाची सवय वाईट. मांडला नसता तर बरे झाले असते.
ह्यांना निवांतपणा हवा होता. तो वाचनालयात मिळाला, दातांच्या खुर्चीत मिळाला. घरात मिळाला नाही. घरात मी असते. दुसरी काही बेरीज येत नाही. दोनदा करून पाहिली.
आक्काला (माझी थोरली बहीण, बसने चार तासांवर) फोन केला, चौदा दिवस येते म्हणून. तिने विचारले, भांडण झालं का? म्हटले, नाही, सहलीला येतेय. म्हणाली, माझ्याकडे काय बघायला आहे? पाण्याची टाकी? म्हटले, चालेल.
ह्यांना सांगितले. मग म्हणाले, स्वेटर घे, आक्काकडे पहाटे गार असतं. जाऊ नको असे म्हणाले नाहीत. मी वाट पाहिली होती, हे खोटे कशाला लिहू.

४ मे, सोमवार, आक्काचे घर
सकाळच्या बसने आले. निघताना फ्रिजवर काहीही चिकटवले नाही. डब्यांवर वारांची नावे होती, तीही पुसली. ह्यांनी स्टँडवर बॅग चढवून दिली. त्यांना सांगितले, चौदा दिवस मी फोन करणार नाही. हे हसले. छान दिसले.
संकल्प पक्का आहे.

दुपारी २.१०
फोन केला नाही.

दुपारी २.२५
आक्का म्हणते, बस तरी एका जागी, मला गरगरायला लागलंय. पाण्याची टाकी बघून आले.

दुपारी २.४०
गॅसचा कॉक बंद आहे ना, एवढेच विचारायला फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला तेव्हा आवाज जड होता. गॅसचे विचारायचे राहून गेले. विचारले, निवांत आहात ना?
म्हणाले, होतो.